घराभोवती कुंपण घालायचंय, आधी कुठले नियम बघायचे?

अंगणवेल

नमस्कार मंडळी, आम्ही जुनं घर घेतलंय, स्वतंत्र, छोटंसं अंगण असलेलं. प्लॉट कोपऱ्यावरचा आहे म्हणजे दोन बाजूंना रस्ता, एका बाजूला शेजारी आणि मागे दुसऱ्या एका घराचं अंगण. शेजारच्या बाजूला खूप जुनी गंजलेली तार आहे, मध्येमध्ये तुटलेली, तिच्यावर वेल चढलेत, बाकी तीन बाजू उघड्याच म्हटल्या तरी चालेल. घरात लहान मूल आहे, नुकतंच धावायला लागलंय, आणि कुत्राही आहे, त्यामुळे कुंपण मला लवकरात लवकर हवंय. सगळीकडून सारखं सहा फुटी, आरपार न दिसणारं, असं डोक्यात आहे.

कॉंट्रॅक्टर म्हणतो की घरगुती कुंपणाला कसली परवानगी, तुम्ही ॲडव्हान्स द्या मी खांब रोवायला सुरुवात करतो. शेजारचे काका चांगले आहेत, ते म्हणाले जुनी तार आहे तिथेच नवीन घाला, माझी काही हरकत नाही. पण माझी बहीण म्हणाली की आधी नियम बघ, नंतर पाडायला लावलं तर दुप्पट खर्च. आता हे नियम बघायचे म्हणजे नेमकं काय बघायचं, कुणाला विचारायचं, आणि कुठल्या क्रमाने, हेच कळत नाहीये. उंचीचा नियम असतो एवढं ऐकलंय. कुंपण बरोबर हद्दीवर घालायचं की थोडं आत? ज्यांना अनुभव आहे त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

ओळंबा

अंगणवेल, बहिणीचं ऐका. मी बांधकाम परवानग्यांचे प्लॅन तयार करायचं काम करतो आणि कुंपणाच्या बाबतीत सगळ्यात मोठा गैरसमज हाच दिसतो की परवानगी लागत नाही म्हणजे नियमच लागत नाही. ह्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच ठिकाणी ठरावीक उंचीपर्यंतच्या जाळीच्या किंवा लाकडी कुंपणाला अर्ज करावा लागत नाही हे खरं आहे, पण उंची, रस्त्यापासूनचं अंतर, कोपऱ्यावरची मोकळी जागा हे नियम तरीही लागू असतात, आणि ते मोडले तर नोटीस येते ती घरमालकाला, कॉंट्रॅक्टर तोवर पुढच्या कामावर गेलेला असतो. विटांची किंवा काँक्रीटची भिंत असेल तर तिला पाया येतो आणि ती बांधकामात मोजली जाते, तिथे परवानगी लागण्याची शक्यता खूपच जास्त.

आता तुमचा कोपऱ्यावरचा प्लॉट. हा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवेन कारण सगळीकडून सहा फुटी बंद कुंपण हे कोपऱ्यावर जवळपास कुठेच चालत नाही. दोन रस्ते मिळतात त्या बिंदूपासून दोन्ही रस्त्यांच्या कडेने काही मीटर अंतर मोजायचं आणि ती दोन टोकं सरळ रेघेने जोडायची, हा जो त्रिकोण तयार होतो त्यात नजर अडेल असं काही ठेवायचं नसतं. कुंपणही नाही, दाट झाडीही नाही. त्रिकोण किती मोठा हे जागेवर आणि रस्त्याच्या वेगावर ठरतं, पण आतली उंची बहुतेक नियमांत एक मीटर किंवा त्याहून कमीच असते. कारण असं की कारमधल्या ड्रायव्हरचा डोळा रस्त्यापासून साधारण १.१ मीटरवर असतो, त्याच्यापुढे कुंपण आलं की आडव्या रस्त्यावरून येणारी सायकल त्याला दिसतच नाही. तुमचं मूल उद्या ह्याच कोपऱ्यावरून सायकल चालवणार आहे, म्हणून हा नियम फक्त कागदापुरता पाळू नका, मनापासून पाळा.

दुसरं म्हणजे कोपऱ्यावरच्या प्लॉटला अनेक ठिकाणी दोन पुढच्या बाजू धरतात. साधारणपणे घराच्या पुढच्या बाजूला कमी उंची, १ ते १.२ मीटरच्या आसपास, आणि बाजूला व मागे १.८ ते २ मीटर अशी मर्यादा आढळते. तुमचे आकडे तुमच्या इथल्या नियमावलीतच बघा, ह्या धाग्यावरून घेऊ नका. पण तुमच्या दोन्ही रस्त्यांकडच्या बाजू पुढच्या धरल्या तर सहा फूट फक्त दोन बाजूंना मिळेल ही तयारी ठेवा. काही नियमांत खाली भरीव आणि वर जाळी किंवा ग्रिल अशी सूट असते, म्हणजे एकूण उंची जास्त पण वरचा भाग आरपार दिसणारा. ते विचारून घ्या.

तिसरं, उंची मोजतात कुठून? कुठे रस्त्याच्या मध्यापासून, कुठे फुटपाथपासून, कुठे मूळ नैसर्गिक जमिनीपासून. भराव टाकून त्यावर कुंपण घातलं तर बहुतेक ठिकाणी भराव धरूनच मोजतात. फोनवर नुसतं किती फूट चालेल असं विचारलंत तर अर्धवट उत्तर मिळेल, कुठून मोजायचं ते पण विचारा आणि शक्यतो ईमेलवर विचारा म्हणजे उत्तर लेखी राहील.

शंकुसाखळी

मोजणीच्या क्षेत्रात आहे म्हणून फक्त हद्दीबद्दल लिहितो, बाकी वर ओळंबा यांनी छान सांगितलंय.

जुनी तार म्हणजे हद्द नव्हे. हे मी जितक्या लोकांना सांगतो तितक्यांना आश्चर्य वाटतं. जुनी कुंपणं गुरं येऊ नयेत म्हणून घातलेली असतात, झाड वाचवायला वळवलेली असतात, नाहीतर कुणीतरी सोयीने खांब जिथे रोवला गेला तिथे रोवलेली असतात. तार हद्दीच्या आत असेल तर तुम्ही स्वतःहून जमीन सोडताय, आणि बाहेर असेल तर शेजाऱ्यांच्या जमिनीत पक्कं काम करताय. काका आज हरकत नाही म्हणतायत, त्यांच्या मनात काही वाईट नसणारच, पण उद्या त्यांची मुलं घर विकायला काढतील तेव्हा घेणारा मोजणी करून घेईल आणि तो काकांच्या तोंडी शब्दाला बांधील नसतो. बऱ्याच देशांच्या कायद्यात वर्षानुवर्षं बिनहरकत चाललेल्या ताब्यावरून हक्क सांगता येतो, म्हणून हे प्रकरण दोन्ही घरांच्या दृष्टीने नाजूक आहे.

मोबाईलवरच्या नकाशावर प्लॉटची रेघ बघून खांब रोवू नका, प्लीज. फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली सुद्धा काही मीटर इकडेतिकडे असतो, आणि उपग्रहाच्या फोटोवर रेघा बसवताना त्या सरकलेल्या असतात. कुंपणाचं भांडण होतं ते वीतभर जागेवरून. खरेदीखत आणि मंजूर लेआउट काढा, त्यात बाजूंची लांबी असते. मग अधिकृत सर्व्हेअरकडून मोजणी करून कोपऱ्यांवर खुणा रोवून घ्या. जुने हद्दीचे दगड किंवा लोखंडी पिना बऱ्याचदा मातीखाली सापडतात, त्या अजिबात हलवू नका, हद्दीची खूण हलवणं अनेक ठिकाणी गुन्हा आहे. खोदकाम करणाऱ्या माणसाला पण हे बजावून ठेवा, नाहीतर तो अडथळा म्हणून उपटून टाकतो.

मोजणीच्या वेळी काकांना उभं करा. त्यांच्यासमोर खुणा झाल्या, दोन खुणांमध्ये सुतळी ताणून दोघांनी बघितली, फोटो काढले आणि साध्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या की पुढचा निम्मा त्रास संपतो.

आता हद्दीवर की आत. दोघांचं मिळून कुंपण असेल आणि तसं लेखी ठरलं असेल तर बरोबर हद्दीवर घालता येतं. फक्त तुमचं असेल तर पूर्ण कुंपण तुमच्या बाजूला हवं, आणि पूर्ण म्हणजे खांबाभोवतीचं जमिनीखालचं काँक्रीट सुद्धा. वर खांब सरळ रेघेत आणि खाली काँक्रीटचा गोळा शेजाऱ्यांच्या हद्दीत फुगलेला असं बरेचदा असतं. म्हणून खांबाची मध्यरेषा हद्दीपासून निदान खड्ड्याच्या अर्ध्या रुंदीइतकी तरी आत घ्या. पण फार आतही जाऊ नका, कारण मग पलीकडे तुमचीच एक चिंचोळी पट्टी राहते, तिथलं गवत कोण काढणार, कुंपणाला रंग लावायला कुठून जाणार, आणि बरीच वर्षं शेजाऱ्यांनीच ती वापरली की परत हक्काचा प्रश्न.

पारिजात७

सोसायटी किंवा लेआउटचे स्वतःचे नियम असतील तर ते वेगळे बघा हं. सरकारी परवानगी मिळाली तरी लेआउटची अट लागूच राहते, दोन्हींमध्ये जी कडक असेल ती पाळावी लागते. आमच्या लेआउटमध्ये पुढच्या बाजूला बंद कुंपण चालतच नाही आणि रंगही ठरलेला आहे. ही अट खरेदीखताच्या शेवटच्या पानांमध्ये असते, ती पानं वाचायचा कंटाळा करू नका. आणि भाग वारसा जतनाच्या यादीत येत असेल तर त्याचे आणखी वेगळे.

तीरकमान

मला वाटतं एवढं सगळं करत बसलात तर कुंपण व्हायला वर्ष जाईल. विचारायला गेलं की अडवतात हा माझा अनुभव. शेजाऱ्यांची हरकत नाही ना, मग घालून टाका, कुणी तक्रार केल्याशिवाय कुणी बघायला येत नाही. मूल रस्त्यावर धावेल ही आजची काळजी आहे, नियमांची नंतर बघता येईल.

ओळंबा

@तीरकमान, मुलाची काळजी अगदी खरी आहे आणि त्यावर उपाय आजच करता येतो, अंगणाच्या आतल्या बाजूला हलवता येणारी जाळी लावा, फोल्डिंगचे पॅनल मिळतात, तेवढ्यात मुलाची खेळायची जागा बंद होते. पक्क्या कुंपणाची घाई करायला ते कारण पुरत नाही. कोपऱ्यावरच्या प्लॉटला तक्रार शेजारी करेल असंही नाही, रोज तिथून वळणारा कुणीही करू शकतो. आणि तक्रार आली नाही तरी घर विकताना किंवा कर्जासाठी तपासणी होताना हे वर येतंच. नंतर नियमित करून घ्यायला दंड भरावा लागतो, आणि उंचीचं उल्लंघन कोपऱ्याच्या त्रिकोणात असेल तर दंड भरूनही सहसा नियमित करत नाहीत, कापायलाच लावतात. सगळ्यात वाईट म्हणजे त्या वळणावर अपघात झाला तर तुमच्या कुंपणाकडे बोट दाखवलं जाईल. त्यामुळे नाही, घालून टाका हा सल्ला मी कुणालाच देणार नाही.

जलवाहिनी

खोदकामाबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सहा फुटी कुंपणाचे खांब साधारण दोन ते तीन फूट खाली जातात, आणि तेवढ्या खोलीत पाण्याची लाइन, ड्रेनेज, गॅस, वीज, इंटरनेटची केबल यातलं काहीही असू शकतं. रस्त्याकडच्या बाजूला तर असतंच असं धरून चाला. खोदायच्या आधी त्या त्या सेवा देणाऱ्यांकडे कळवा, बऱ्याच ठिकाणी ते येऊन जमिनीवर रंगाने खुणा करून देतात, आणि काही ठिकाणी कळवणं बंधनकारक आहे. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, ते त्यांच्या मालकीच्या लाइनच दाखवतात, सहसा मीटरपर्यंत. मीटरच्या अलीकडे तुमच्या अंगणातून घरात येणारी पाइप, बागेच्या दिव्यांची वायर, जुन्या मालकाने टाकलेली बोअरची लाइन हे ते दाखवणार नाहीत. जुनं घर घेतलंय तर आधीच्या मालकांना एक फोन करून विचाराच. आणि खूण आहे तिच्या आसपास मशीनने न खणता हाताने खणायला सांगा.

यालाच जोडून वहिवाटीचं बघा. प्लॉटच्या कडेने लाइन गेलेली असेल किंवा मागच्या घराला तुमच्या बाजूने जायचा हक्क असेल तर ते कागदात लिहिलेलं असतं. जागा तुमची, पण तिथे दुसऱ्याला जायचा हक्क. अशा पट्टीवर काही वेळा कुंपण घालूच देत नाहीत, काही वेळा घालू देतात पण दुरुस्तीच्या वेळी ते काढलं तर परत उभं करायचा खर्च तुमचा अशी अट असते. घालायचंच झालं तर तिथे काँक्रीटमध्ये पक्कं करण्यापेक्षा नटबोल्टचं, सुटणारं पॅनल ठेवा किंवा तेवढ्या भागात गेट ठेवा.

अंगणवेल

बाप रे, किती गोष्टी माहितीच नव्हत्या, सगळ्यांचे मनापासून आभार. कॉंट्रॅक्टरला थांबायला सांगितलंय, ॲडव्हान्स दिलेला नाही. सर्व्हेअरशी बोलणं झालं, खरेदीखत काढून ठेवलंय आणि त्यात मागच्या बाजूला ड्रेनेजच्या लाइनची पट्टी दाखवली आहे, हे आम्ही घर घेताना वाचलं होतं पण कुंपणाशी जोडून डोक्यात आलंच नव्हतं. फोल्डिंगच्या जाळीची आयडिया पण खूप आवडली, तेवढी आजच बघते.

अजून एक शंका. आमचा प्लॉट शेजारच्यांपेक्षा थोडा वर आहे, उतार त्यांच्याकडे जातो, पावसात आमचं पाणी त्यांच्या बाजूने वाहून पुढे गटाराला मिळतं. तिथे काकांना खालून दोन फूट भिंत आणि वर पॅनल असं हवंय, म्हणजे माती येणार नाही. हे चालेल का? आणि त्यांच्याकडून अर्धे पैसे मागायचे का, मला फार संकोच वाटतोय.

ओळंबा

भिंतीने माती अडवायची म्हटली की ते कुंपण राहत नाही, ती रिटेनिंग वॉल होते, आणि तिला वेगळे नियम. दोन फूट म्हणजे फार उंच नाही, पण मागे ओली माती आली की भिंतीवर दाब चांगलाच वाढतो, त्यात वर बंद पॅनल असेल तर वाऱ्याचा जोर पण त्याच भिंतीवर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणून बंद कुंपण वादळात आडवं होतं आणि जाळीचं तसंच उभं राहतं. इथे इंजिनिअरला दाखवल्याशिवाय करू नका. उंचीही अनेक ठिकाणी भिंत अधिक पॅनल अशी मिळून धरतात, काही ठिकाणी खालच्या बाजूने मोजतात, म्हणजे काकांच्या जमिनीपासून. मग तुमच्या बाजूने पाच फूट दिसणारं कुंपण कागदावर सात फूट होईल आणि मर्यादेबाहेर जाईल. अर्ज करताना उताराचा साधा छेद काढून जोडा, दोन्हीकडची जमीन आणि कुंपणाचा माथा दाखवून.

पाणी हा तर वेगळाच विषय. नैसर्गिक वाहणारं पाणी अडवून किंवा एका जागी गोळा करून दुसऱ्याच्या हद्दीत सोडणं बहुतेक ठिकाणी चालत नाही. सलग भिंत घातली की आज पसरून जाणारं पाणी तुमच्या अंगणात साठेल, किंवा भिंतीच्या टोकाशी जमून काकांच्या एका कोपऱ्यात धो धो पडेल. भिंतीला खाली पाणी निघायची भोकं आणि मागे खडीचा थर हवाच, आणि ते पाणी पुढे कुठे जाणार हे काकांबरोबर उभं राहून ठरवा. मला विचाराल तर भिंत नको, उतारावर पायरीपायरीने उतरत जाणारं पॅनलचं कुंपण घाला, खाली थोडी फट सोडा आणि माती धरायला हद्दीच्या आत झुडपांची रांग लावा.

पारिजात७

फट सोडताना कुत्र्याचा विचार करा, खालून उकरून बाहेर पडतात. फटीला जाळी लावून ती जमिनीत थोडी पुरली की पाणीही जातं आणि कुत्राही जात नाही. आणि कुत्रा आहे म्हणून काटेरी तार किंवा करंटची तार असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा, वस्तीत ह्या दोन्हींवर बऱ्याच ठिकाणी बंदी किंवा कडक अटी असतात, आणि घरात लहान मूल आहे.

शंकुसाखळी

पैशांबद्दल, संकोच करू नका पण मागणी म्हणूनही जाऊ नका. काही ठिकाणी हद्दीवरच्या कुंपणाचा खर्च दोघांनी वाटून घ्यायचा असा कायदाच आहे आणि त्यासाठी आधी लेखी कळवावं लागतं, काही ठिकाणी जो घालेल त्याचा खर्च. तुमच्याकडे काय आहे ते आधी बघा. काकांनी पैसे दिले तर कुंपण दोघांचं होतं, मग रंग, दुरुस्ती, बदल सगळं दोघांच्या संमतीने. तुम्हीच खर्च केला तर ते तुमच्या हद्दीत आणि तुमच्या मालकीचं. कधीकधी पूर्ण खर्च स्वतः करणं सोपं पडतं. काकांना डिझाइन आधी दाखवा मात्र, कारण रोज त्यांच्या नजरेला पडणारी बाजू तीच आहे. काही नियमांत कुंपणाची चांगली, गुळगुळीत बाजू बाहेर हवी असं लिहिलेलं असतं, तसं लिहिलेलं नसलं तरी तशीच ठेवावी असं मला वाटतं.

अंगणवेल

हे पटलं, काकांच्या बाजूचा खर्च आम्हीच करू आणि आतच घेऊ. आता शेवटचं, गेट. बाहेर उघडणारं डबल गेट ठेवायचं होतं म्हणजे आत गाडीला जागा मिळेल.

जलवाहिनी

बाहेर उघडणारं गेट जवळपास सगळीकडे नाकारतात, कारण उघडल्यावर ते फुटपाथवर किंवा रस्त्यावर येतं. आत उघडणारं किंवा बाजूला सरकणारं ठेवा. सरकणाऱ्या गेटला गेटच्या रुंदीइतकी सरळ बाजू मोकळी लागते, आणि ती बाजू कोपऱ्याच्या त्रिकोणात जात नाही ना तेही बघा. गेट त्या वळणापासून जितकं लांब घेता येईल तितकं घ्या. जमलं तर रस्त्यापासून एक गाडी उभी राहील इतकं आत घ्या, म्हणजे गेट उघडेपर्यंत गाडी रस्त्यात थांबत नाही. आणि लहान मूल आहे म्हणून कडी वर लावा आणि गेट आपोआप बंद होईल अशी बिजागरी बसवा. पोहण्याच्या तलावाभोवतीच्या कुंपणाला तर ही अट असतेच, पण लहान मूल असलेल्या घरात कुठल्याही गेटला करण्यासारखी आहे.

अंगणवेल

सरकणारंच घेऊ. मोजणी झाली की साधा नकाशा काढून बांधकाम विभागाला ईमेल करते आणि त्यांचं उत्तर आलं की इथेच टाकते, उंची कुठून मोजतात ते सुद्धा.

ओळंबा

नकाशात कोपऱ्याचा त्रिकोण, ड्रेनेजची पट्टी, गेटची जागा आणि प्रत्येक बाजूची उंची वेगवेगळी लिहा, नुसतं कुंपण सहा फूट असं लिहू नका. आणि परवानगी मिळालीच तर तिची मुदत बघा, ठरावीक काळात काम सुरू केलं नाही तर ती संपते आणि परत अर्ज करावा लागतो. कॉंट्रॅक्टरच्या करारात मंजूर नकाशाप्रमाणेच काम असं लिहून त्याची सही घ्या, आणि खांबांचे खड्डे खणून झाले की काँक्रीट ओतायच्या आधी एकदा सुतळी लावून स्वतः बघा.